पडद्यावरची चिठ्ठी

चित्रपटगृहातले दिवे मालवतात, जाहिराती संपतात आणि काही क्षणांपुरता पडद्यावर एक सरकारी कागद उमटतो. त्यावर चित्रपटाचे नाव असते, भाषा असते, लांबी असते, निर्मात्याचे नाव असते आणि एक ठसठशीत अक्षर असते. त्या वेळी प्रेक्षक काय करीत असतात म्हणाल, तर कोणी आपली खुर्ची शोधीत असतो, कोणी लाह्यांचा पुडा सांभाळीत शेजाऱ्याच्या पायावर पाय देत असतो, कोणी ‘सुरू झालं का हो?’ असे विचारीत अंधारात चाचपडत असतो. जुन्या काळी या कागदावरचा रिळांचा आकडा तरी पोरेटोरे मोठ्याने वाचीत; सोळा रिळे दिसली की पैसे वसूल झाल्याच्या आनंदात शिट्ट्या पडत. आता रिळे गेली, शिट्ट्याही गेल्या. कागद मात्र राहिला आहे, आणि तो वाचणारा माणूस शंभरांत एखादाच.

आपण त्याला ‘सेन्सॉरचे सर्टिफिकेट’ म्हणतो. सेन्सॉर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक भलीमोठी कात्री येते आणि नायक-नायिकांच्या मधोमध ती चालू लागते. कात्रीचा इतिहास आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या कागदाचे मुख्य काम निराळे आहे. ‘हा चित्रपट किती वयाच्या माणसाने पाहावा?’ या एका प्रश्नाचे उत्तर त्यावर लिहिलेले असते. आणि खरी मेख पुढेच आहे. हे उत्तर दर वेळी एकाच माणसाला उद्देशून दिलेले नसते. एक अक्षर दारावरच्या माणसाला हुकूम देते, तर दुसरे अक्षर तुम्हाआम्हा आईबापांना चिठ्ठी लिहिते. हुकूम कोणता आणि चिठ्ठी कोणती, हे ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडे बराच घोटाळा होतो. तो कसा, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

सारी प्रजाच अज्ञान

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तेव्हा त्याला कोणाचेही प्रमाणपत्र नव्हते. कारण ते देणारा कायदाच नव्हता. कायदा १९१८ साली झाला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे परीक्षक मंडळे बसली.

या मंडळांना मुलांच्या कोवळ्या मनाची फारशी काळजी नव्हती. काळजी होती ती राज्याची. १९२१ मध्ये कोहिनूर कंपनीने ‘भक्त विदुर’ काढला. कथा महाभारतातली, पण विदुराच्या भूमिकेत द्वारकादास संपत गांधीटोपी आणि खादी घालून उभे राहिले. महाभारतातला विदुर साबरमतीचा दिसू लागताच मद्रास आणि कराची येथे चित्रपटावर बंदी आली. पुढे १९३० मध्ये ‘प्रभात’ने शिवछत्रपतींवर ‘स्वराज्याचे तोरण’ काढला, तेव्हा ‘स्वराज्य’ हा शब्दच सरकारच्या घशाखाली उतरेना. चित्रपटाला ‘उदयकाल’ हे नाव घ्यावे लागले. १९३५ मध्ये एकनाथांच्या चरित्रावरच्या, बालगंधर्वांनी काम केलेल्या ‘महात्मा’ची हीच गत झाली. देशात महात्मा एकच आणि तो सरकारला नको असलेला. तेव्हा ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला.

या साऱ्या कारभारात वयाचा प्रश्न कोठेच नाही. आठ वर्षांचा पोर आणि साठ वर्षांचा आजोबा यांना एकच मोजमाप. इंग्रजांच्या लेखी सारी प्रजाच अज्ञान बालक होती आणि तिचे पालक ते स्वतः होते!

‘ए’ची जाहिरात

स्वातंत्र्य आले आणि १९४९ च्या दुरुस्तीने कायद्यात प्रथमच वय शिरले. सर्वांसाठी ‘यू’ आणि अठरा वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ‘ए’, असे दोन वर्ग पडले. जानेवारी १९५१ मध्ये प्रांतोप्रांतीच्या मंडळांऐवजी मुंबईत एकच मध्यवर्ती मंडळ आले आणि १९५२ मध्ये आजचा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला. त्यात अनेक डागडुज्या झाल्या, पण घर तेच आहे.

ही दोन अक्षरे आपण विलायतेहून आणली. तेथे १९१२ मध्ये चित्रपटधंद्यातल्याच लोकांनी मंडळ स्थापून ‘यू’ आणि ‘ए’ सुरू केले होते. मात्र अक्षर आणताना आपण त्याचा अर्थ बदलला. तिकडच्या ‘ए’चा त्या काळचा अर्थ, मुलाने आईबापांबरोबर यावे, इतकाच होता. आपल्या ‘ए’ने आईबापांनाही विचारले नाही. बाप बरोबर असो की आजोबा, अठरा पूर्ण नसतील तर आत प्रवेश नाही. हा दारावरचा हुकूम. तो मोडून मुलाला आत घेणाऱ्या चित्रपटगृहवाल्याला कायद्याने दंड होऊ शकतो.

‘ए’ मिळालेला पहिला हिंदी बोलपट म्हणून मधुबाला आणि मोतीलाल यांच्या १९५० मधल्या ‘हँसते आँसू’चे नाव घेतले जाते. व्यापारी माणसाने या हुकमाचा फायदा ओळखायला वेळ लावला नाही. भिंतीभिंतींवर ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी अक्षरे झळकू लागली, ती चित्रपटाच्या नावाहूनही मोठी! दूर ठेवण्यासाठी लावलेली पाटी बोलावण्याच्या कामी आली. ज्यांना मिसरूड फुटायचे होते, त्यांनी काजळाने मिसरूड काढून दारावरच्या माणसाची परीक्षा पाहिल्याच्या कथा गावोगाव आहेत.

भाषेच्या माणसाला या प्रमाणपत्रात आणखी एक गंमत दिसते. त्यावर इंग्रजी अक्षराबरोबर नागरी अक्षरही असते. ‘यू’ला ‘अ’, म्हणजे अनिर्बंधित; आणि ‘ए’ला ‘व’, म्हणजे वयस्क. इंग्रजी न येणाऱ्याने ‘अ’ पाहून तोच ‘ए’ समजावा आणि निष्पाप पौराणिक चित्रपटातून मुलांना उठवून न्यावे, अशी ही योजना! शिवाय हिंदीतला ‘वयस्क’ म्हणजे सज्ञान. मराठीत वयस्क म्हणजे पिकल्या केसांचा. त्या न्यायाने ‘व’ चित्रपट निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठीच राखून ठेवावे लागतील. अक्षर सरकारने लिहिले. पण ज्याच्यासाठी लिहिले त्याला ते वाचता यावे, याची काळजी फारशी कोणी घेतली नाही, एवढे यावरून दिसते.

चार शहरे आणि एक निकाल

वयाचा हा विचार न्यायाच्या कसोटीला लागला तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्यामुळे. १९६८ मध्ये त्यांनी ‘चार शहर एक कहानी’ हा छोटा माहितीपट केला. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतले वैभव एका बाजूला आणि दैन्य दुसऱ्या बाजूला, असे त्याचे स्वरूप. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. अब्बासांनी ‘यू’ मागितले. मंडळ ‘ए’ म्हणाले. अपिलात सरकारने सांगितले की, ही दृश्ये कापाल तर ‘यू’ देऊ. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे सरकारने माघार घेऊन काटछाटीशिवाय ‘यू’ देण्याची तयारी दाखवली. दुसरा एखादा निर्माता पेढे वाटून घरी गेला असता. अब्बासांनी मात्र मूळ प्रश्नालाच हात घातला: चित्रपट लोकांपुढे येण्यापूर्वी तो तपासण्याचा अधिकार सरकारला आहे तरी का? पुस्तक तपासत नाही, वर्तमानपत्र तपासत नाही, मग चित्रपटच का?

सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या न्यायपीठाने १९७० मध्ये निकाल दिला. चित्रपट इतर कलांपेक्षा भावनांना अधिक खोल हात घालतो आणि मुलांवर व किशोरांवर त्याचा परिणाम विशेष होतो. तेव्हा पूर्वतपासणी आणि वयानुसार वर्गवारी या दोन्ही गोष्टी घटनेत बसतात, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर सरकारलाही समज दिली. तपासणीला वेळेची मर्यादा हवी आणि दाद मागायला सरकारी खात्याबाहेरची, न्यायबुद्धीची जागा हवी.

म्हणजे अब्बास हरले आणि जिंकलेही. आज आपली जी वर्गवारी उभी आहे, ती या निकालाच्या पायावर. मूल आणि प्रौढ यांत फरक करता येतो, हे तत्त्व पक्के झाले. पण फरकाची रेघ एकच, अठराव्या वर्षी. सहा वर्षांचे बाळ आणि सतरा वर्षांचा कॉलेजकुमार एकाच बाकावर बसलेले राहिले.

१ जून १९८३ पासून दोन नवे वर्ग आले. ‘एस’ हा डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यवसायाच्या लोकांसाठी. त्याच्याशी तुमचाआमचा संबंध क्वचितच. दुसरा ‘यूए’. त्याचा अर्थ असा की, चित्रपट सर्वांना खुला आहे, परंतु बारा वर्षांखालील मुलाला तो दाखवावा की नाही हे आईबापांनी ठरवावे. कायद्याने पालकांना पहिली चिठ्ठी लिहिली ती ही. त्याच वेळी मंडळाच्या नावातून ‘सेन्सॉर’ शब्द गेला आणि ‘प्रमाणन’ हा शब्द आला. मंडळाने नाव बदलले. लोकांच्या तोंडातला शब्द मात्र आजतागायत बदललेला नाही.

अंधाऱ्या खोलीतली पाच माणसे

आता हे अक्षर ठरते कसे, ते पाहू. मंडळाची मुख्य कचेरी मुंबईत. चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर, तिरुअनंतपुरम, दिल्ली, कटक आणि गुवाहाटी येथे प्रादेशिक कचेऱ्या. निर्माता तयार चित्रपट घेऊन अर्ज करतो. सोबत कथासार, संवाद आणि गीते यांच्या प्रती देतो. मग एक परीक्षण समिती तो पाहते. बहात्तर मिनिटांहून मोठ्या चित्रपटासाठी या समितीत मंडळाचा एक अधिकारी आणि चार सल्लागार सदस्य असण्याची रीत आहे. हे सदस्य सरकारी नोकर नसतात. समाजाच्या निरनिराळ्या थरांतून नेमलेले असतात आणि त्यांत स्त्रिया असल्याच पाहिजेत, असा दंडक आहे.

ही माणसे अंधारात बसून चित्रपट पाहतात. निर्माता आत नसतो. तो बाहेर, परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी विद्यार्थी बसतो तसा बसलेला असतो. चित्रपट संपला की प्रत्येक सदस्याने खोली सोडण्यापूर्वी आपले मत लेखी द्यायचे असते: कोणता वर्ग द्यावा, काही गाळावे काय, आणि का. निर्मात्याला निर्णय मान्य नसेल तर प्रकरण पुनरीक्षण समितीकडे जाते. तेथे अध्यक्ष आणि नवापर्यंत सदस्य असतात, आणि पहिल्या समितीत बसलेला माणूस दुसऱ्या समितीत बसू शकत नाही. त्यापुढचे दार अपिलाचे. अब्बास प्रकरणानंतर जे स्वतंत्र न्यायाधिकरण आले होते, ते २०२१ मध्ये रद्द झाले. आता उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. मोठ्या निर्मात्याला ती परवडते. ज्याने बायकोचे दागिने गहाण ठेवून चित्रपट काढला, तो मात्र सांगाल ते कापायला तयार होतो. न्यायाधिकरण गेले याची खरी झळ या माणसाला लागली.

सदस्यांनी कोणत्या नजरेने पाहावे, हे ६ डिसेंबर १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले आहे. त्यांतली महत्त्वाची सूचना अशी की, चित्रपट तुकड्यातुकड्यांनी न पाहता त्याचा एकंदर परिणाम पाहावा. याचे मर्म आपल्या घरातल्याच गोष्टीवरून ध्यानी येईल. नरसिंहाने खांबातून निघून हिरण्यकशिपूचे पोट फाडले, ही कथा आपण चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन सांगतो आणि मूल टाळ्या पिटते. कृत्य पाहिले तर भयंकरच. पण प्रल्हाद वाचला, हा त्या गोष्टीचा एकंदर परिणाम. तेच पोट एखाद्या चित्रपटात गल्लीतल्या गुंडाने फाडले, कॅमेरा जखमेवर रेंगाळला आणि मागे उत्साहाचे संगीत वाजले, तर मुलाच्या हाती काय लागेल? कृत्य एकच, परिणाम दोन. वर्गवारी करणाऱ्याचे खरे कौशल्य हा फरक ओळखण्यात आहे, आणि ते दर वेळी साधतेच असे नाही.

साधते तेव्हा कसे दिसते? रवी जाधव यांचा ‘न्यूड’ आठवा. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे विवस्त्र बसून मुलाला वाढवणाऱ्या एका बाईची ती कथा. नाव ऐकूनच अनेकांच्या भुवया चढल्या. २०१७ च्या गोव्याच्या महोत्सवातून तो वगळला गेला. परंतु मंडळाने त्याला ‘ए’ दिले आणि एकही दृश्य कापले नाही. २०१८ मध्ये तो तसाच लोकांपुढे आला. प्रौढांचा चित्रपट प्रौढांनी पाहावा, मुलांनी मोठे होईपर्यंत थांबावे, आणि दोघांसाठीही कलेचा हात कापू नये: वर्गवारीचा हेतू याहून नेमका क्वचितच दिसेल. याच्या उलट २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’चे झाले. अमली पदार्थांच्या विळख्यावरचा तो चित्रपट. तो प्रौढांसाठीच होता, तरीही त्यात काटछाटींची मोठी यादी निघाली. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने एक काट ठेवून तो ‘ए’खाली मोकळा केला. सज्ञान माणसासाठी एकदा दार बंद करून घेतल्यावर आत पुन्हा कात्री कशाला, हा साधा प्रश्न त्यातून पुढे आला. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या समितीने अहवाल दिला, त्याचाही रोख हाच होता. मंडळाने वर्ग ठरवावा. आणि ‘यूए’ हे एकच मोठे गाठोडे न ठेवता त्यात वयाचे टप्पे करावेत, असे तिने सुचवले.

अमरीश पुरींचा हात

वयाचे टप्पे हवेत, हे इतर देशांना कसे उमगले, याची एक गोष्ट मजेदार आहे आणि तिचा धागा आपल्या अमरीश पुरींशी जोडलेला आहे.

अमेरिकेत वर्गवारी सरकार करीत नाही. चित्रपटधंदाच १९६८ पासून ती करतो. १९८४ पर्यंत तेथे ‘पीजी’ म्हणजे पालकांच्या सल्ल्याने, आणि ‘आर’ म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबरच यावे, असे दोन वर्ग शेजारी होते. मध्ये काही नव्हते. त्या वर्षी स्पीलबर्गचा ‘इंडियाना जोन्स’ मालिकेतला दुसरा चित्रपट आला. त्यात खलनायक मोला राम झालेले अमरीश पुरी एका माणसाच्या छातीत हात घालून धडधडते हृदय बाहेर काढतात. चित्रपटाला ‘पीजी’ होते. त्यामुळे आईबाप लहान मुलांना घेऊन निर्धास्तपणे गेले आणि संतापून बाहेर आले. मग स्पीलबर्गनेच मधला वर्ग काढण्याचे सुचवले आणि १ जुलै १९८४ पासून ‘पीजी-१३’ जन्माला आला. आपल्या एका नटाच्या हाताने अमेरिकेतल्या पालकांना तेरा वर्षांचा टप्पा मिळवून दिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती फार होणार नाही.

विलायतेत टप्पे आणखी कडक. तेथे ‘१५’ म्हणजे पंधरा. चौदा वर्षांचा मुलगा बापाचे बोट धरून आला तरी त्याला परत पाठवतात. फक्त ‘१२ए’ या वर्गात, बारा वर्षांखालचे मूल मोठ्या माणसाबरोबर आले तर चालते.

सात, तेरा, सोळा

आपल्याकडे हे टप्पे आले ते आधी घरच्या पडद्यावर. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरून चित्रपट आणि मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांना सांगितले की, तुमच्या मालाची वर्गवारी तुम्हीच करा: सर्वांसाठी, सातच्या वर, तेराच्या वर, सोळाच्या वर आणि प्रौढांसाठी. तेराच्या वरच्या मालाला पालकांना कुलूप लावता आले पाहिजे, अशीही अट घातली. मग २०२३ मध्ये संसदेने सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त केला आणि २०२४ पासून चित्रपटगृहांतही ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन शिक्के दिसू लागले. पूर्वी प्रमाणपत्र दहा वर्षांत शिळे होई. आता ते कायमचे झाले.

आता त्या दुरुस्तीतले एक कलम लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. कायदा म्हणतो की, ‘यूए’पुढचा वयाचा आकडा पालकांनी विचारात घेण्यासाठी आहे आणि पालकांखेरीज दुसऱ्या कोणालाही तो बजावता येणार नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ‘यूए १६+’ असा शिक्का असलेल्या चित्रपटाला तुम्ही नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात, तर दारावरचा माणूस तुम्हांला अडवू शकत नाही. पोलीस अडवू शकत नाही. मंडळही अडवू शकत नाही. विलायतेतला दारवान बापाला परत पाठवतो. आपला कायदा म्हणतो, बाप तुम्ही आहात, काय ते तुम्ही ठरवा. पाच माणसांनी अंधारात बसून जो आकडा ठरवला, त्याची अंमलबजावणी करणारा साऱ्या देशात एकच अधिकारी आहे, आणि तो अधिकारी त्या वेळी लाह्यांच्या रांगेत उभा असतो!

‘ए’च्या बाबतीत याच्या अगदी उलट वाद ऐकू येतो. पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आलेली आई दारावर म्हणते, ‘अहो, त्याला काय कळतंय? आत जाऊन झोपेल तो.’ कायद्यात झोपणाऱ्या मुलासाठी सवलत नाही. दारावरच्या बिचाऱ्याने आत सोडले तर त्याच्या मालकाला शिक्षा आणि अडवले तर चार लोकांत त्याला शिव्या. ‘ए’ हा हुकूम आहे. तेथे हुज्जत घालू नये. ‘यूए’ ही चिठ्ठी आहे, ती वाचावी. आपण नेमके उलट करतो. हुकमाशी भांडतो आणि चिठ्ठी न वाचता टाकून देतो.

कात्री कोणाच्या हातात?

चिठ्ठी वाचताना आणखी एक व्यवहार ठाऊक असावा. ‘ए’ चित्रपट दूरचित्रवाणीवर तसाच दाखवता येत नाही. २००५ मध्ये मुंबईतल्या एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ही शिस्त लावली आणि आताच्या कायद्याप्रमाणेही त्यासाठी काटछाट करून निराळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. दूरचित्रवाणीचे हक्क म्हणजे निर्मात्याच्या पदरचा मोठा घास. शिवाय ‘ए’ मिळाले की सुट्टीत सहकुटुंब येणारा प्रेक्षक गेला. त्यामुळे निर्माता स्वतःच कात्री घेऊन बसतो. एक शिवी काढ, रक्ताचा रंग थोडा फिका कर, चुंबन अर्ध्यावर आण, आणि ‘यूए’ पदरात पाडून घे.

यात बेकायदा काही नाही. परंतु त्यामुळे ‘यूए १६+’ हा पुष्कळदा काठावर पास झालेला ‘ए’ असतो, हे पालकाने ओळखावे. ‘यूए’ ही दोन अक्षरे पाहून ‘चला, मुलांना चालेल’ असे म्हणणे म्हणजे औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचून मात्रा न वाचण्यासारखे आहे. सात आणि सोळा यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात पहिलीतले पोर शालान्त परीक्षेला बसते.

चिठ्ठी कोणाच्या नावाची?

कोणी म्हणेल, आजकालच्या मुलांच्या हातात मोबाइल आहे, त्यावर काय दिसत नाही? मग चित्रपटगृहाच्या दाराची एवढी काळजी कशाला? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु गल्लीत चिखल आहे म्हणून घरात केर काढायचा नाही, असे कोणी म्हणत नाही. शिवाय चित्रपटगृहात मूल एकटे नसते. तुम्ही शेजारी बसलेले असता. जे आईबापांच्या सोबतीने, त्यांच्या संमतीने, त्यांच्या पैशाने पाहिले, त्याला मुलाच्या मनात निराळी मान्यता मिळते. मोबाइलवर चोरून पाहिलेली गोष्ट चोरीची असते, हे मुलाला कळते. तुम्ही दाखवलेली गोष्ट योग्यच असणार, असे ते धरून चालते. म्हणून शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बापाची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

दुसऱ्या टोकाला जाऊन मुलांना फक्त सशा-कासवाचेच चित्रपट दाखवावेत, असेही माझे म्हणणे नाही. रवी जाधव यांच्याच २०१३ मधल्या ‘बालक-पालक’मध्ये चाळीतली मुले आईबापांच्या तोंडचा ‘शेण खाल्लं’ हा शब्दप्रयोग ऐकतात आणि त्याचा अर्थ विचारतात. मोठी माणसे डोळे वटारतात. मग उत्तर शोधायला मुले नको त्या वाटेने जातात. प्रश्नाचे दार घरात बंद झाले की ते दुसरीकडे उघडते. प्रमाणपत्रावरचा आकडा मुलाचे डोळे झाकण्यासाठी नाही. कोणत्या वयात कोणत्या गोष्टीबद्दल मुलाशी बोलावे लागेल, याची ती पूर्वसूचना आहे. तेरा वर्षांच्या मुलीला ‘१३+’ चित्रपट जरूर दाखवा. पण येताना वाटेत ती गप्प का आहे, हेही विचारा. दहा वर्षांचा हळवा मुलगा ‘७+’ चित्रपटातल्या आईच्या मृत्यूने रात्रभर जागेल आणि त्याच वयाचा शेजारचा मुलगा भुताचा चित्रपट पाहून गाढ झोपेल. अंधाऱ्या खोलीतल्या पाच माणसांना तुमचे मूल ठाऊक नाही. त्यांनी सर्वसाधारण मुलाचा विचार केला; तुमच्या मुलाचा विचार तुम्ही करावा, यासाठीच शेवटची सही तुमच्याकडे ठेवली आहे.

एकेकाळी सरकार साऱ्या प्रजेलाच बालक समजत होते. शंभर वर्षांत गाडी इतकी पुढे आली की, आता बालकाचे काय करायचे हेही सरकार प्रजेला विचारते. हा अधिकार लहान नाही. तो वापरला नाही, तर उद्या कोणीतरी म्हणेल की, आईबापांना हे जमत नाही, पुन्हा दारावर कुलूपच लावा; आणि कुलूप लावणाऱ्याच्या हातात कात्री यायला वेळ लागत नाही.

तेव्हा येत्या दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब चित्रपटाला जाण्याचा बेत असेल तर एवढेच करा. पडद्यावर कागद उमटण्याची वाट पाहू नका. तोवर तिकिटाचे पैसे गेलेले असतात आणि मुले पुढच्या खुर्चीला नाक लावून बसलेली असतात. ‘यूए’पुढचा आकडा जाहिरातीत दिसतो, तिकीट काढतानाही दिसतो. तो घरीच, फराळाच्या ताटावर, मुलांदेखत मोठ्याने वाचावा. मुले विचारतील, ‘तेरा का? मी तर बाराचा आहे!’ विचारू द्या. त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठीच ती चिठ्ठी तुमच्या नावाने आलेली आहे.